बढती नाकारली गेली, तर दाद मागण्याची मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची?

शांतपावली (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या बाबतीत जे घडले ते आधी सांगते आणि मग प्रश्न विचारते.

गेल्या वर्षी आमच्या विभागात वरिष्ठ पदाची एक जागा रिकामी झाली. त्या पदासाठी मी आणि माझ्याच हाताखाली काम शिकलेला एक सहकारी, असे दोघेच खऱ्या अर्थाने स्पर्धेत होतो. प्रसूती रजेवरून परत येऊन मला तेव्हा आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी एकही दिवस रजा घेतलेली नव्हती. निवड त्याची झाली. मला मिळालेल्या मूल्यमापनाच्या कागदावर शेवटच्या रकान्यात एवढेच लिहिले होते की 'सध्याच्या टप्प्यावर उपलब्धतेविषयी शंका'. 'सध्याच्या टप्प्यावर' हे शब्द कोणाच्या तोंडी नेहमी असतात, हेही मला ठाऊक आहे.

मी रीतसर अंतर्गत तक्रार केली. मनुष्यबळ विभागातील व्यक्तीने ती अत्यंत आपुलकीने ऐकून घेतली, चौकशी पूर्ण होईपर्यंत धीर धरण्यास सांगितले, आणि मीही तो धरला. पाच महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले की निवड गुणवत्तेवर झाली आहे. त्यानंतर मी वकिलांकडे गेले. त्यांनी काय घडले हे विचारण्याच्या आधी कोणत्या तारखेला घडले हे विचारले, भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवले, पेन्सिलीने पाने उलटी चाळत मागे गेले आणि म्हणाले, "तुमची मुदत तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट पाहत असतानाच संपली."

आता यंदाच्या फेरीतही मला डावलले गेले आहे. माझे प्रश्न असे आहेत की अंतर्गत तक्रार चालू असताना मुदतीचे घड्याळ थांबत कसे नाही, आणि गेल्या वर्षीचा व यंदाचा नकार मिळून एकच चालू अन्याय मानता येतो का? ओळख पटू नये म्हणून देशाचे नाव सध्या सांगत नाही. येथे निरनिराळ्या देशांत काम करणारे सदस्य आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या ठिकाणची स्थिती सांगितली तरी उपयोग होईल.

कलमदान

ताई, देश न सांगता मुदत विचारणे म्हणजे गाडीचे नाव न सांगता ती किती वाजता सुटते हे विचारण्यासारखे आहे. तरीही तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच येते, म्हणून लिहितो. मी भारतात सेवाविषयक प्रकरणे चालवतो, त्यामुळे तेथील स्थिती सांगतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा आहे. त्यातील कलम २१ नुसार अंतिम आदेश झाल्यापासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. नियमांनुसार निवेदन दिले असेल आणि त्याला उत्तरच आले नसेल, तर सहा महिने वाट पाहायची आणि ते सहा महिने संपल्यापासून पुढे एक वर्ष मोजायचे. म्हणजे येथे अंतर्गत दाद मागण्याला कायद्यानेच काही काळ मोकळा ठेवलेला आहे. परंतु ही सवलत एकदाच मिळते. एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कायद्यात तरतूद नसलेली निवेदने पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. पुढे २००८ मधील सी. जेकब यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी एक पायरी पुढे गेले. वर्षानुवर्षे जुन्या तक्रारीवर खात्याने सौजन्य म्हणून उत्तर दिले, तरी त्या उत्तराच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होत नाही, असे तेथे सांगितले गेले.

खास बढतीविषयी सर्वात जास्त उद्धृत होणारा निकाल सत्तरच्या दशकातील आहे. पी. एस. सदाशिवस्वामी यांच्या कनिष्ठांना त्यांच्या आधी बढती मिळाली होती आणि ते चौदा वर्षांनी न्यायालयात आले. न्यायालयाने म्हटले की कनिष्ठाला वर नेल्याने दुखावलेल्या व्यक्तीने सहा महिन्यांत, फार तर एका वर्षात न्यायालयाचे दार ठोठावले पाहिजे. रिट याचिकेला कायद्याने ठरवून दिलेली मुदत नसते, म्हणून आपल्याला भरपूर वेळ आहे असे समजणाऱ्या अनेकांना हा निकाल आडवा आलेला मी पाहिला आहे.

आस्थापना_निवृत्त

मी चौतीस वर्षे आस्थापना शाखेत काढली. कलमदान यांनी जे कायद्याच्या भाषेत सांगितले, ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहे.

आमच्याकडे एक सद्गृहस्थ होते. ज्येष्ठता सूचीत त्यांचे नाव एका जागेने खाली घसरले आणि त्यामुळे पदोन्नती समितीसमोर त्यांचे प्रकरण गेलेच नाही. त्यांनी निवेदन दिले. मग स्मरणपत्र दिले. मग वरिष्ठांना, मग त्यांच्याही वरिष्ठांना निवेदन दिले. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ते आवक शाखेचा शिक्का मारून घेत, त्याखाली आवक क्रमांक आणि तारीख लिहून घेत, आणि ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून धारिकेत लावत. अकरा पोचपावत्या होत्या. मी स्वतः मोजल्या आहेत. त्यांतील एकीवरही 'निर्णय' हा शब्द असलेले उत्तर आमच्या कार्यालयाने दिले नव्हते, कारण उत्तर न देणे हेच सोयीचे होते. ते न्यायाधिकरणात गेले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की अकरावी पोच ताजी आहे, म्हणजे प्रकरण ताजे आहे. त्यांचा अर्ज मुदतीच्याच मुद्द्यावर फेटाळला गेला आणि ज्येष्ठता सूची बरोबर होती की चूक, याकडे कोणी पाहिलेही नाही. खरे सांगायचे तर ती सूची चूक होती.

आणखी एक गोष्ट, जी कर्मचाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. बढती नाकारली जाते त्या दिवसाच्या बरेच आधी एक लहान घड्याळ सुरू झालेले असते, आणि ते म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालाचे. २००८ मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असे ठरवले, आणि त्यानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना अहवाल हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत त्यावर म्हणणे मांडण्याची सोय झाली. पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही. 'चांगला' असा शेरा वाचून माणूस समाधानाने सही करतो, आणि दोन वर्षांनी कळते की त्या पदासाठी 'अत्युत्तम' हा मापदंड होता आणि त्या 'चांगला'नेच त्याला खाली ठेवले. धागाकर्तीच्या 'उपलब्धतेविषयी शंका' या शेऱ्याला लेखी हरकत घेतली होती का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

शांतपावली (धागाकर्ती)

काका, हरकत घेतली होती, परंतु बोलण्यात. लेखी काहीही नाही.

अटलांटिकपार

अमेरिकेतील स्थिती सांगतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून बढती नाकारली गेली असेल, तर समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. तशाच भेदभावाला मनाई करणारा कायदा त्या राज्यात किंवा शहरात असेल आणि तो राबवणारी यंत्रणा तेथे असेल, तर ही मुदत ३०० दिवसांची होते. संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना मात्र केवळ ४५ दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात त्यांना आपल्या खात्यातील समुपदेशकाशी संपर्क साधावा लागतो. आयोगाकडून दावा करण्याची परवानगी देणारे पत्र आले की ९० दिवसांचे आणखी एक घड्याळ सुरू होते. हे दिवस आहेत, महिने नव्हेत. सहा महिने म्हणजे किमान १८१ दिवस भरतात, आणि 'सहा महिने आहेत' असे डोक्यात धरून शेवटच्या दिवशी गेलेला माणूस उशिरा पोहोचलेला असतो. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या मोजणीत धरल्या जातात. शेवटचा दिवसच सुट्टीचा आला, तर त्यापुढचा कामाचा दिवस चालतो.

अंतर्गत तक्रारीबद्दलचे उत्तर तेथे १९८० मध्ये रिक्स यांच्या प्रकरणात मिळाले. ते लायबेरियाचे प्राध्यापक होते. महाविद्यालयाने त्यांना कायम न करण्याचा निर्णय १९७४ मध्ये कळवला आणि शेवटचे म्हणून एक वर्षाचे कंत्राट दिले, जे १९७५ च्या मध्यात संपले. रिक्स यांचे म्हणणे असे की नोकरी संपली त्या दिवसापासून मुदत मोजावी. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. निर्णय कळवला गेला तोच दिवस खरा, त्याचे परिणाम नंतर जाणवले म्हणून घड्याळ पुढे सरकत नाही, आणि मधल्या काळात महाविद्यालयाच्या समितीपुढे तक्रार प्रलंबित होती यानेही ते थांबत नाही, असे ठरले.

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नावर २००२ चा मॉर्गन निकाल आहे. तेथे न्यायालयाने दोन प्रकार वेगळे केले. कामाच्या जागी सतत होणारा छळ हा अनेक घटनांचा मिळून एकच अन्याय असतो आणि त्यातील एक घटना जरी मुदतीत असली तरी सर्व प्रकरण ऐकता येते. परंतु कामावरून काढणे, बदली नाकारणे, बढती नाकारणे या सुट्या घटना आहेत आणि प्रत्येकीची मुदत वेगळी चालते. 'बढती नाकारणे' हे त्या निकालात नाव घेऊन सांगितलेले उदाहरण आहे. मात्र मुदतबाह्य झालेली जुनी घटना पुढच्या दाव्यात पार्श्वभूमीचा पुरावा म्हणून वापरण्यास त्याच निकालाने मोकळीक ठेवली आहे, आणि माझ्या मते धागाकर्तीला खरा आधार तेथे आहे.

संशयात्मा

सर्व वाचले, आणि मनापासून सांगतो, पटले नाही. बढती नाकारली ही गोष्ट एका दिवसाची कशी? त्या दिवसापासून पुढे प्रत्येक महिन्याला त्या व्यक्तीला कमी पगार मिळतो, निवृत्तिवेतनही त्याच आकड्यावर ठरते. प्रत्येक महिन्याची पगाराची पावती हा त्याच अन्यायाचा नवा पुरावा आहे. असे असताना 'सुटी घटना' हा शब्द वापरून मालकाला तीन-सहा महिन्यांत कायमचे मोकळे करणे, हे न्यायाच्या कोणत्या कल्पनेत बसते?

दुसरे असे की ज्याने अन्याय केला त्याच्याच घरच्या चौकशीत माणसाला अडकवून ठेवायचे, आणि वेळ संपला की तुम्ही उशीर केला म्हणायचे, यात मला सरळ डाव दिसतो.

कलमदान

आपला पहिला मुद्दा न्यायालयांपुढे अनेकदा मांडला गेलेला आहे आणि तो फुकाचा नाही. २००८ मध्येच तरसेम सिंग यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चालू अन्यायाचे तत्त्व मान्य केले. निवृत्तिवेतन किंवा वेतननिश्चिती चुकीची झाली असेल, तर उशिरा आलेल्या व्यक्तीलाही दाद मिळू शकते, थकबाकी मात्र सर्वसाधारणपणे तीन वर्षांपुरतीच. परंतु त्याच निकालात पुढे म्हटले आहे की ज्येष्ठता किंवा बढती यांसारख्या प्रश्नात इतरांचे स्थान ढळणार असेल, तर उशिराचा दावा शिळा ठरतो. फरक येथे आहे. माझी वेतननिश्चिती दुरुस्त केल्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे काही जात नाही. माझी बढती मागील तारखेपासून दिली, तर ज्याला ती मिळाली होती तो खाली येतो, त्याच्या जागी आलेला आणखी खाली जातो, आणि यांपैकी कोणीही भेदभाव केलेला नसतो.

आपला दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. डाव प्रत्येक वेळी असतोच असे नाही, पुष्कळदा नुसती ढिलाई असते, पण परिणाम तोच होतो.

अटलांटिकपार

संशयात्मा यांच्या पगाराच्या पावतीच्या मुद्द्याला अमेरिकेत तर संसदेनेच एकदा होकार दिला आहे, पण अर्धा. लिली लेडबेटर या अलाबामा राज्यातील टायर कारखान्यात पर्यवेक्षक होत्या. त्याच पदावरील पुरुषांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळतो हे त्यांना नोकरीच्या अखेरीस, कोणीतरी ठेवलेल्या निनावी चिठ्ठीवरून कळले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा मुदतबाह्य ठरवला, कारण पगार ठरवण्याचे मूळ निर्णय जुने होते. त्यावर २९ जानेवारी २००९ रोजी त्यांच्याच नावाचा कायदा झाला आणि भेदभावातून ठरलेला प्रत्येक पगार मुदत नव्याने सुरू करतो असे ठरले. यानंतर बढती न मिळालेल्यांनीही हाच युक्तिवाद केला की बढती नाही म्हणजे कमी पगार, आणि कमी पगार म्हणजे दर महिन्याला नवी मुदत. वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये तो नाकारला. सारख्या कामाला कमी पगार देणे वेगळे आणि वरचे कामच न देणे वेगळे, असा त्याचा सारांश आहे.

वंशावरून भेदभाव झाला असेल, तर १८६६ च्या कायद्यातून आलेल्या कलम १९८१ खाली चार वर्षांपर्यंत थेट न्यायालयात जाता येते, हेही नोंदवून ठेवतो. लिंगावरून झालेल्या भेदभावाला ते कलम लागू नाही.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीची मुदत ऐकून येथील अनेकांना धक्का बसेल. २००६ च्या समान वागणूक कायद्याच्या कलम १५ मध्ये नुकसानभरपाईची मागणी लेखी करण्यासाठी केवळ दोन महिने दिलेले आहेत, आणि ते कोठून मोजायचे हेही तेथेच लिहिले आहे. नोकरीचा अर्ज किंवा बढती यांच्या बाबतीत नकार हाती पडल्यापासून, आणि इतर बाबतीत भेदभाव झाल्याचे कळल्यापासून, अशी ती वाटणी आहे. ही मागणी मालकाला लेखी द्यायची असते आणि त्यानंतर कामगार न्यायालयात जाण्यासाठी तीन महिने मिळतात. कॅनडात संघराज्याच्या अखत्यारीतील नोकरीत असलेल्या माझ्या बहिणीला हे सांगितले, तेव्हा तिला ते खरेच वाटेना, कारण तेथे मानवी हक्क आयोगाकडे जाण्यास एक वर्ष असते.

हे सगळे वाचताना मला एक गोष्ट जाणवली. आपण सर्वजण दिवस किती आहेत याची तुलना करतो आहोत, पण प्रत्येक देशात ते दिवस कोठून सुरू होतात हे वेगळे आहे. कोठे आदेशापासून, कोठे कळवल्यापासून, कोठे नकाराचे पत्र हाती पडल्यापासून. मुदत लहान असेल तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

आस्थापना_निवृत्त

ऱ्हाईनकाठ यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. आमच्याकडे समितीच्या बैठकीची तारीख, इतिवृत्तावर सक्षम अधिकाऱ्याची सही होण्याची तारीख, आदेशाची तारीख आणि आदेश कर्मचाऱ्याच्या हाती पडण्याची तारीख, या चार तारखा चार वेगळ्या आठवड्यांत असू शकतात. आदेशावर पहिल्या तारखेचा जावक क्रमांक आणि हाती पडण्याची तारीख वीस दिवस नंतरची, हे अगदी नित्याचे. लिफाफा फेकून देऊ नका. त्यावरचा टपालाचा शिक्का हा तुमच्या बाजूचा साक्षीदार असतो. माहितीच्या अधिकारात समितीचे इतिवृत्त जरूर मागावे, पण त्या उत्तराला तीस दिवस लागतात आणि त्या तीस दिवसांत मुदतीचे घड्याळ चालूच राहते, हे विसरू नये.

वाचनमात्र

महाराष्ट्रातील खासगी कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी काही आहे का? बढतीत पक्षपात झाला तर आमच्याकडे सगळे युनियनच्या पुढाऱ्याकडे जातात, आणि पुढारी 'बघतो' म्हणतात.

कलमदान

आहे, आणि मुदत फार थोडी आहे. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यातील कलम २८ नुसार अनुचित प्रथा घडल्यापासून ९० दिवसांच्या आत तक्रार करायची असते. गुणवत्तेकडे न पाहता कामगारांच्या एका गटावर मेहेरनजर करणे हा त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील प्रकार आहे, आणि युनियनच्या कामामुळे बढती नाकारणे हे दुसऱ्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नमूद आहे. पुरेसे आणि योग्य कारण असल्यास न्यायालय ९० दिवसांनंतरची तक्रारही दाखल करून घेऊ शकते. पुढारी 'बघतो' म्हणाले होते, हे कारण कोणी पुरेसे मानल्याचे माझ्या पाहण्यात नाही. व्यवस्थापकीय पदांवरील लोकांना या कायद्याचा आधार सहसा मिळत नाही.

बढतीचे आमिष किंवा ती रोखण्याची धमकी लैंगिक मागणीशी जोडलेली असेल, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू होतो. तेथे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि समितीला कारणे नोंदवून ती मुदत आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवता येते.

शांतपावली (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले आहे की देश लपवण्यात आता अर्थ नाही. मी इंग्लंडमध्ये आहे. गेल्या वर्षीच्या नकाराविषयी वकिलांनी आशा सोडण्यास सांगितले आहे. यंदाच्या नकाराचा ईमेल १० फेब्रुवारीचा आहे. मी दिनदर्शिकेत ९ मे या तारखेभोवती लाल वर्तुळ केले आहे, कारण तीन महिन्यांत एक दिवस कमी असा हिशेब मला सांगण्यात आला. आज १९ एप्रिल आहे, म्हणजे वीस दिवस हाताशी आहेत. यंदाही मी अंतर्गत तक्रार केलेली आहे आणि तिची सुनावणी २८ एप्रिलला ठेवली आहे. ती आटोपून मगच पुढे जावे असा माझा विचार होता, म्हणजे आपण सगळे मार्ग वापरले असे तरी म्हणता येईल.

नोंदवही

मी इंग्लंडमध्ये कामगार संघटनेची प्रतिनिधी म्हणून बरीच वर्षे सहकाऱ्यांसोबत अशा सुनावण्यांना बसले आहे. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच लिहिते आहे, कारण तुमच्या हिशेबात एक गफलत असू शकते.

तीन महिन्यांत एक दिवस कमी हे बरोबर आहे. २०१० च्या समानता कायद्याच्या कलम १२३ मध्ये ती मुदत आहे, आणि त्या मुदतीत न्यायाधिकरणाकडे थेट न जाता आधी अकास या तडजोड सेवेला कळवावे लागते. कळवल्यावर तडजोडीच्या काळापुरते घड्याळ थांबते. येथे घड्याळ खऱ्या अर्थाने थांबवणारी गोष्ट हीच आहे. मालकाकडची तक्रार ते थांबवत नाही, मग ती सुनावणी २८ ला असो वा दुसऱ्या कोणत्या दिवशी. ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात आहे, पण वाढीव मुदतीच्या भरवशावर कोणी बसू नये असे मी प्रत्येकाला सांगते.

आता गफलत. त्याच कलमात पुढे असे आहे की एखादी गोष्ट न करणे हे, संबंधित व्यक्तीने ती न करण्याचे ठरवले तेव्हा घडले असे मानायचे. तुम्हाला बढती न देणे हे ईमेलच्या दिवशी घडले की निवड मंडळाने ठरवले त्या दिवशी, यावर वाद होऊ शकतो, आणि तो वाद तुमच्या खर्चाने व्हावा असे मला वाटत नाही. निर्णय आधी झाला आणि तुम्हाला नंतर कळला असेल, तर न्याय्य आणि रास्त वाटल्यास न्यायाधिकरण मुदत वाढवू शकते, आणि कळलेच उशिरा हे त्यासाठी चांगले कारण आहे. पण मुदतवाढ हा अपवाद असतो, नियम नव्हे, असे अपील न्यायालयाने २००३ मध्ये बेक्सली कम्युनिटी सेंटरच्या प्रकरणात सांगितलेले आहे. शक्य असताना अपवादावर विसंबू नये. निवड मंडळाची बैठक कधी झाली, हे तुम्हाला कोठून कळू शकेल का?

गेल्या वर्षीच्या नकाराबद्दल तुमच्या वकिलांपेक्षा मी थोडी कमी निराश आहे. दोन्ही वेळी तीच व्यक्ती मंडळावर असेल आणि तेच कारण फिरून आले असेल, तर काही काळ चालू राहिलेले एकच वर्तन म्हणून ते मांडता येते, कारण आपल्याकडच्या कायद्यात तशी जागा आहे. ते मान्य होईलच असे नाही. मान्य झाले नाही, तरी जुना कागद पुरावा म्हणून पुढे ठेवता येतोच. वकिलांना हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारा.

शांतपावली (धागाकर्ती)

मुलाखतीनंतर मला अभिप्रायाचा जो कागद मिळाला होता, तो आता काढून पाहिला. मी तो आजवर केवळ मजकुरासाठी वाचला होता. तळाशी बारीक अक्षरांत 'निवड मंडळाची अंतिम बैठक, २७ जानेवारी' असे छापले आहे. 'उपलब्धता' हा शब्द यंदाही आहे, फक्त 'सध्याच्या टप्प्यावर' गाळले आहे. मंडळावरची एक सही दोन्ही वर्षांच्या कागदांवर सारखीच आहे.

नोंदवही

मग २७ जानेवारीपासूनच मोजा. शेवटचा दिवस २६ एप्रिल येतो. तुमची सुनावणी २८ ला ठेवली आहे, याकडे पुन्हा एकदा पाहा.

आस्थापना_निवृत्त

ताई, अर्ज भरताना मालकाचे नाव नियुक्तिपत्रावर जसे आहे तसेच, अक्षरनअक्षर लिहा. कळवल्याची पोच आली की तिची एक छापील प्रतही काढून ठेवा. पडद्यावरची पोच ऐन वेळी सापडत नाही.

शांतपावली (धागाकर्ती)

आज रात्रीच अर्ज भरला. पोच ११ वाजून ४० मिनिटांनी आली आहे आणि तिच्यावर १९ एप्रिल ही तारीख आहे. काका, छापील प्रत उद्या सकाळी काढते, घरातल्या यंत्रातली शाई संपली आहे. २८ च्या सुनावणीलाही मी जाणार आहे, आणि या वेळी माझी हरकत लेखी असेल.

संशयात्मा

लेखी हरकतीत तो तारखेचा मुद्दा लिहू नका, असे मला वाटते. की लिहावा? कलमदान, आपले मत?

कलमदान

लिहू नये. हरकत शेऱ्याच्या मजकुराविषयी असावी, म्हणजे 'उपलब्धता' या शब्दाचा अर्थ काय, तो कोणत्या नोंदींवर बेतलेला आहे, आणि निवड झालेल्या व्यक्तीला तोच निकष लावला गेला का, एवढेच विचारावे. मुदतीचा हिशेब वकिलांना द्यावा. इंग्लंडची प्रक्रिया नोंदवही यांना माझ्यापेक्षा जवळून माहीत आहे, तेव्हा त्यांचे मत वेगळे असल्यास त्यांचे ऐकावे.

नोंदवही

माझेही मत तेच आहे. सुनावणीला सोबत सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी नेण्याचा हक्क तुम्हाला आहे. कोणाला नेणार ते आधी कळवा, आणि त्याला टिपणे घ्यायला सांगा. बोलणे तुम्ही करा.